दीड परार्ध हात आणि समोरचा चारिझार्ड

भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये ‘लीलावती’ रचली. तिच्या सुरुवातीलाच एक, दश, शत, सहस्र अशी स्थानांची अठरा नावे येतात. व्यवहारासाठी पूर्वसूरींनी ती पाडली, असे ते सांगतात. शेवटचे नाव परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये. बाराव्या शतकातल्या कोणत्याही व्यवहाराला त्यापुढे जायची गरज पडली नसावी.

आज भोपाळमधल्या सोनागिरीत रविवारी दुपारी दोन मुले पोकेमॉनचे पत्ते घेऊन समोरासमोर बसतात आणि पहिल्याच मिनिटाला या यादीच्या टोकाला पोहोचतात. प्रत्येकाच्या डेकमध्ये ६० पत्ते. पिसून झाले की प्रत्येकाने ७ उचलायचे. प्रत्येक पत्ता वेगळा धरला तर ६० मधून ७ पत्ते ३८,६२,०६,९२० प्रकारे येऊ शकतात. समोरच्याचेही तेवढेच प्रकार. दोन्हींचा गुणाकार केला की येतात सुमारे दीड परार्ध. पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांनी दर मिनिटाला अशी एकेक जोडी वाटून पाहिली, झोप न घेता, तरी सगळ्या जोड्या संपायला ३५ वर्षे लागतील. आणि हा फक्त पहिला हात झाला. डाव अजून सुरूच व्हायचा आहे.

सोनागिरी भोपाळच्या पूर्व भागात, भेलच्या (भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या) वसाहतींच्या शेजारी आहे. १९५६ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली आणि कारखान्याबरोबर देशभरातून माणसे आली, त्यांत मराठी घरेही आली. त्यांची नातवंडे आता हिंदी-मराठी मिसळून बोलतात आणि जपानमध्ये १९९६ साली सुरू झालेला हा खेळ खेळतात. माझा भाचा त्यांतलाच. त्याची तक्रार एकच असते, समोरच्या मुलाच्या चारिझार्ड या पोकेमॉनबद्दल : “मामा, त्याचा चारिझार्ड तुटतच नाही. काहीही करा, दुसऱ्या-तिसऱ्या पाळीला तो उभा राहतोच.”

या तक्रारीत मला खरा प्रश्न दिसतो. शक्यता जर परार्धांनी मोजाव्या लागतात, तर समोरचा डेक दर डावात तेच कसे करून दाखवतो?

आधी पसारा किती आहे ते पाहू. ६० वेगवेगळे पत्ते एकावर एक रचायचे प्रकार म्हणजे ८३२ आणि त्यापुढे ७९ शून्ये. पण डेकमधले सगळे पत्ते वेगळे नसतात. मूळ एनर्जीचे पत्ते सोडले तर एका नावाचे जास्तीत जास्त चार पत्ते ठेवता येतात. ते चार एकमेकांत अदलाबदल झाले तरी रचना तीच राहते. सोयीसाठी १५ नावांचे प्रत्येकी ४ पत्ते धरले तर २४ या संख्येने पंधरा वेळा भागावे लागते, कारण चार पत्त्यांची अदलाबदल २४ प्रकारे होते. हा भागाकाराचा नियमही ‘लीलावती’त आहे. अंकपाश नावाच्या भागात शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे किती प्रकारे देता येतील असा प्रश्न येतो, उत्तर ३६,२८,८००. त्यानंतर अंक पुन्हा पुन्हा आले तर काय करायचे ते येते : ४, ८, ५, ५, ५ या अंकांच्या संख्या १२० नाहीत, २० होतात, कारण तीन पाचांची आपसातली अदलाबदल दिसत नाही. चार सारख्या पत्त्यांचे गणित नेमके हेच आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. तिथे शिकणाऱ्याला पोकेमॉनचा हा हिशेब नवा वाटला नसता.

भागाकार करून उरतात १६५ वर ५९ शून्ये. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे. विश्वाच्या पहिल्या क्षणापासून आजच्या ८०० कोटी माणसांनी दर सेकंदाला एकेकदा हा डेक पिसला असता, तरी आजवर ३५ वर २६ शून्ये इतक्याच रचना झाल्या असत्या. म्हणजे नीट पिसलेला डेक हातात घेतला की ती रचना कोणत्याही माणसाने पूर्वी पाहिलेली नसते आणि पुढेही कोणी पाहणार नाही. ही गोष्ट मी भाच्याला सांगितली तेव्हा तो बराच वेळ डेककडे पाहत बसला. मलाही अजून त्याचे नवल ओसरलेले नाही.

आपल्याकडच्या गंजिफ्यात पसारा याहूनही मोठा. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचे १२० पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. त्यांच्या रचना ६६९ वर १९६ शून्ये. तिघांना चाळीस-चाळीस वाटले तरी वाटपाचे प्रकार १२३ वर ५३ शून्ये. पण गंजिफ्यात एकच संच सगळ्यांचा. रामाचा राजा कोणाकडे जाईल हे वाटपावर ठरते. पोकेमॉनसारख्या खेळात मात्र प्रत्येक जण आपला संच घरून बांधून आणतो, आणि इथे शून्यांचा आणखी एक डोंगर उभा राहतो. हाताशी फक्त १,००० वेगळ्या नावांचे पत्ते असले आणि त्यांतली १५ नावे निवडून प्रत्येकी ४ घ्यायची असली, तरी असे डेक ६९ वर ३१ शून्ये इतके होतात. त्यांतले बहुतेक सगळे निरुपयोगी. जगभरचे खेळाडू मिळून दर हंगामात त्यांतून दहा-बारा कामाचे डेक शोधून काढतात.

पिसण्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण तिचा डावावर थेट परिणाम होतो. डेक दोन भागांत तोडून अंगठ्यांनी पत्ते एकमेकांत सोडायचे, अशी सगळ्यांची सवय. डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवले की ५२ पत्त्यांच्या जोडाला असे सात वेळा करावे लागते. मुले तीन-चारदा करून थांबतात. ६० पत्ते चार वेळा असे पिसले, तर त्यातून निघू शकणाऱ्या रचना १७७ वर ७० शून्ये यांच्या पलीकडे जाऊच शकत नाहीत. संख्या मोठी दिसते, पण सगळ्या रचनांच्या तुलनेत ती ४७० कोटींमागे एकाहूनही कमी भरते. उरलेल्या रचनांना दारच उघडत नाही. मागच्या डावात एकत्र पडलेले पत्ते पुढच्या डावातही एकत्र येतात ते यामुळे. समोरच्याचा डेक ‘लागलेला’ वाटत असेल तर त्याने सात-आठ वेळा पिसावा एवढे म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि त्यात भांडणासारखे काही नाही.

आता चारिझार्डकडे वळू. १९९९ मध्ये इंग्रजीत आलेल्या पहिल्या संचातल्या चारिझार्डची ताकद, म्हणजे पडण्याआधी सोसता येणारा मार, १२० एचपी होती. २०२३ च्या ऑब्सिडियन फ्लेम्स संचातला चारिझार्ड ईएक्स ३३० एचपीचा आहे. त्याचा हल्ला १८० चा, आणि समोरच्याने पोकेमॉन पाडून जितकी प्राइज कार्डे, म्हणजे बक्षिसाचे पत्ते, घेतली असतील त्या प्रत्येकामागे ३० जास्त. म्हणजे तुम्ही सहापैकी पाच प्राइजे घेऊन जिंकायच्या उंबरठ्यावर आलात की तो ३३० चा घाव घालतो. जितके पुढे जाल तितका तो जोरात मारतो.

पण खरा जोर या आकड्यांत नाही. चारिझार्डला उभे राहायला आधी मैदानात चारमँडर हा त्याचा मूळ, बेसिक पोकेमॉन हवा. डेकमध्ये चार चारमँडर आहेत. पहिल्या पाळीपर्यंत ८ पत्ते पाहिले, सात हातातले आणि एक ओढलेला, तर त्यांत किमान एक चारमँडर असण्याची शक्यता ४४.५ टक्के. निम्म्याहून कमी. आता त्याच डेकमध्ये चार अल्ट्रा बॉल घाला. दोन पत्ते टाकून डेकमधला हवा तो पोकेमॉन आणता येतो. चार नेस्ट बॉलही घाला, बेसिक पोकेमॉन सरळ बाकावर, म्हणजे राखीव रांगेत. मग चारच्या जागी बारा पत्ते तेच काम करतात आणि शक्यता होते ८५.३ टक्के. टाकायला दोन पत्ते लागतात वगैरे अडचणी सोडून दिल्या तरी झेप लक्षात येते : आठ पत्ते बदलले आणि नाणेफेकीसारखी गोष्ट जवळपास खात्रीची झाली.

त्यानंतर येतो पिजिओट ईएक्स. त्याची क्षमता अशी की प्रत्येक पाळीत एकदा डेक उघडून हवा तो एक पत्ता हातात घ्यायचा. कोणताही. इथे शक्यता उरतच नाही. डेकची रचना १६५ वर ५९ शून्यांपैकी कोणतीही असो, त्याला हवा तो पत्ता वर असल्यासारखाच. तगडा डेक तगडा कशाने होतो याचे उत्तर मला इथे सापडले. तो मोठे आकडे छापून तगडा होत नाही. तो अफाट रचनांना एकाच वाटेवर आणून सोडतो. कोणत्याही वाटपातून निघा, तिसऱ्या पाळीला चारिझार्ड आणि पिजिओट बाजूबाजूला.

त्याच्या हातून निसटते ते एकच, डावाच्या आधी बाजूला उलटी ठेवलेली सहा प्राइज कार्डे. डेकमध्ये एखादा पत्ता एकुलता असेल तर तो त्या सहांत अडकण्याची शक्यता दहा टक्के. चारच्या चार अडकणे ३२,५०९ डावांत एकदा. म्हणून महत्त्वाचे पत्ते चारने ठेवतात, आणि म्हणून कसलेला खेळाडू पहिल्यांदा डेक शोधायला उघडतो तेव्हा आतले पत्ते मोजून प्राइजमध्ये काय गेले ते ओळखतो. सोनागिरीतली मुले हे अजून करत नाहीत. शिकण्यासारखी पहिली गोष्ट हीच.

मग तोडायचा कसा? भाच्याची आवडती चाल म्हणजे आयोनो हे कार्ड. दोघांनीही आपापला हात डेकच्या तळाशी ठेवायचा आणि आपली जितकी प्राइजे उरली असतील तितकेच पत्ते ओढायचे. समोरच्याचे एकच प्राइज उरले असेल तर त्याला एकच पत्ता मिळतो. पाळी सुरू होताना आणखी एक, म्हणजे दोन. समजा वरच्या २० पत्त्यांत त्याच्या विजयाचे ४ आहेत. २० मधून २ पत्त्यांच्या जोड्या होतात १९०. त्यांतल्या १२० जोड्यांत एकही कामाचा पत्ता नसतो. ६३ टक्के वेळा तो रिकाम्या हाताने बसतो. परार्धांपासून निघालेला डाव इथे १९० जोड्यांवर येतो, आणि या १९० मधले बहुमत आपले असते.

पण हे पिजिओट जिवंत असेपर्यंत व्यर्थ आहे. दोन पत्ते कसेही येवोत, तो तिसरा हवा तो शोधून आणतो. भाचा आयोनो खेळत होता आणि तरी हरत होता, याचे कारण इथे आहे. तो चारिझार्डवर हल्ले करत राही, कारण भीती त्याची वाटे. पिजिओटची ताकद २८० एचपी आणि विजेच्या पोकेमॉनपुढे तो कमजोर : त्यांचा घाव त्याच्यावर दुप्पट बसतो. १४० चा हल्ला पुरे. आधी पिजिओट पाडायचा, दोन प्राइजे घ्यायची, आणि मग आयोनो. क्रम उलटा केला तर तेच पत्ते वाया जातात. ३३० एचपीच्या समोर उभे राहून २८० च्याकडे पाहणे अवघड असते, हे मला मान्य आहे. पण डाव तिथेच आहे.

आता ‘तुटतच नाही’ या शब्दांकडे. भाचा म्हणाला, दहापैकी सात हरलो. दोन्ही डेक अगदी समान ताकदीचे असते तरी दहात सात किंवा जास्त वेळा हरण्याची शक्यता १७ टक्के आहे. सहा मुलांनी अशी दहा-दहा डावांची लढत दिली तर त्यांतला साधारण एक हेच रडगाणे गाईल, आणि तिथे दोष कशाचाच नसेल. समजा चारिझार्ड खरोखर १०० पैकी ६० डाव जिंकणारा डेक आहे. हा या खेळात फारच मोठा वरचष्मा. तरी आपल्याला एका डावात ४० टक्के संधी असते. तीन डावांच्या सामन्यात ती ३५.२ होते, सात डावांच्या सामन्यात २९, आणि १०१ डाव खेळून बहुमत घ्यायचे ठरले तर फक्त २ टक्के. लांब लढतीत बलवानाचे बळ उघडे पडते. छोट्या लढतीत ते झाकलेले राहते. दुसऱ्या बाजूनेही पाहावे : प्रत्येक फेरी ६० टक्क्यांनी जिंकणारा तो डेक आठ फेऱ्यांच्या स्पर्धेत एकदाही न हरता निघण्याची शक्यता १.७ टक्के. साठ स्पर्धांत एकदा. न तुटणारा डेक कागदावरही अस्तित्वात नाही.

आणि हे ६० तरी खरे कशावरून? पाच टक्क्यांच्या फरकाने ते सांगायचे तर सुमारे ३७० डाव खेळावे लागतात. एका टक्क्याच्या फरकाने सांगायचे तर ९,२२०. अर्ध्या तासाचा एक डाव धरला तर न थांबता १९२ दिवस. दहा वेगवेगळे डेक असतील तर त्यांच्या जोड्या ४५. प्रत्येकीचे ३७० डाव म्हणजे १६,६५० डाव. रोज सहा खेळले तर साडेसात वर्षे. नवे संच मात्र वर्षाला साधारण चार येतात आणि डेक बदलत राहतात. मोजणी संपायच्या कितीतरी आधी मोजायची वस्तूच बदललेली असते.

यात आणखी एक गाठ आहे. चारिझार्ड ज्याच्याकडे आहे तो मुलगा गल्लीतला सगळ्यांत चांगला खेळाडूही आहे. मग जिंकते कोण, तो की त्याचा डेक? ही गाठ सोडवायची रीत भोपाळच्या आसपास जन्मलेल्या दोन माणसांपाशी होती. राजचंद्र बोस यांचा जन्म १९०१ चा, भोपाळच्या दक्षिणेला नर्मदेकाठच्या होशंगाबादचा. शरदचंद्र शंकर श्रीखंडे १९१७ मध्ये सागरला जन्मले, नागपुरात शिकले, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात बोस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. केली आणि पुढे मुंबई विद्यापीठात गणित शिकवले. २०२० मध्ये १०२ व्या वर्षी ते वारले.

त्यांनी सोडवलेल्या प्रश्नाचे मूळ पत्त्यांतच आहे. एक्का, राजा, राणी, गुलाम असे चार रंगांचे १६ पत्ते चार बाय चार चौकटीत असे मांडा की प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत प्रत्येक रंग एकदाच आणि प्रत्येक चित्र एकदाच यावे. अठराव्या शतकातल्या फ्रेंच कोड्यांच्या पुस्तकात हे कोडे आहे. १६ पत्ते मांडायचे प्रकार सुमारे २१ लाख कोटी. अटीत बसणारे फक्त ६,९१२. तीनशे कोटींत एक. पुढे गणितज्ञ ऑयलरने १७८२ मध्ये म्हटले की सहा, दहा, चौदा अशा आकारांच्या चौकटींसाठी हे होणारच नाही. सहाबद्दल तो बरोबर होता. बाकी सगळ्यांबद्दल चूक, हे १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि अमेरिकेतले पार्कर यांनी दाखवले. एप्रिल १९५९ मध्ये ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. सागरच्या मराठी मुलाने १७७ वर्षांचा समज खोडून काढला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आपल्या शाळांत त्यांचे नाव अजून फारसे कोणी सांगत नाही.

हीच चौकट आम्ही सोनागिरीत वापरायचे ठरवले आहे. आडव्या ओळी म्हणजे चार मुले. उभ्या ओळी म्हणजे चार रविवार. रंगाच्या जागी आपले चार डेक, चित्राच्या जागी चारिझार्डच्या डेकची चार रूपे : पिजिओट असलेला, नसलेला, जास्त बॉल घातलेला, कमी बॉल घातलेला. सगळ्या मेळांचे डाव खेळायचे तर २५६. चौकटीप्रमाणे खेळले तर १६, आणि तरी प्रत्येक मुलाच्या हाती प्रत्येक डेक एकदा येतो, प्रत्येक डेकला चारिझार्डचे प्रत्येक रूप एकदा भेटते, रविवारची सुस्ती किंवा एखाद्याची हुशारी कोणा एका डेकच्या वाट्याला जात नाही. सोळा डावांतून टक्केवारी निघणार नाही, पण मुलगा वेगळा आणि डेक वेगळा मोजता येईल. चौकट पुन्हा पुन्हा खेळत गेलो की आकडे घट्ट होत जातील.

पाच मुले आली तर पाचाची चौकट आहे. मागच्या आठवड्यात मात्र पिपलानीहून आणखी दोघांनी निरोप पाठवला, आणि मुले सहा झाली. सहाची चौकट नाही. फ्रेंच गणितज्ञ गास्तों तारी यांनी १९०० च्या सुमारास एकेक प्रकार तपासून ते सिद्ध केले आहे. सातची आहे : २,४०१ च्या जागी ४९ डाव. इंद्रपुरीत पत्ते जमवणारा एक मुलगा आहे असे कळले आहे. भाचा संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन विचारणार आहे.